नोटीस नको, सर्वेक्षक पाठवा : बंदरे मंत्र्यांना वैनगंगेच्या घाटावरून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
बंदरे विकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

घाटावर येऊन नावा तपासू, जागेवरच नोंदणी करून देऊ, असा शब्द आम्हाला उन्हाळ्यात मिळाला होता. शिबिर काही झालं नाही. आली ती नोटीस : नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर प्रवासी वाहतूक तात्काळ बंद करा. कोणत्या कार्यालयाची ते लिहीत नाही, उद्या आमची फाइल त्याच टेबलावर जायची आहे.

नोटीस कायद्याला धरून आहे, हे मान्य. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, 2022 मध्ये लागू झाला. इंजिनाच्या नावेला नोंदणी हवी, सर्वेक्षण हवं, विमा हवा, चालकाकडे प्रमाणपत्र हवं. आमचं त्याला काही म्हणणं नाही. उलट किती माणसं बसवायची तो अधिकृत आकडा नावेवर रंगवलेला असला तर 'आणखी दोघं बसू दे ना गा' म्हणणाऱ्याला दाखवायला बरा. पण नाव तपासून तो आकडा ठरवणारा सर्वेक्षक वैनगंगेवर येणार कधी? अर्जासोबत नावेचा नकाशा मागतात. आमच्या नावा सुतारानं आणि वेल्डरनं नजरेच्या अंदाजानं बांधलेल्या, नकाशा कुठून आणायचा? मुंबई इथून नऊशे किलोमीटर. नाव ट्रकवर घालून मंत्रालयाच्या दारात आणायची का, तेही कळवावं.

नोटिशीनं झालं काय? इंजिनाच्या नावा काठाला लागल्या आणि लोक वल्ह्याच्या डोंग्यात बसले. वावर पल्याड आहे, धानाची रोवणी तुमच्या शिक्क्यासाठी थांबत नाही. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या सहा बाया मिरची तोडायला निघाल्या होत्या, डोंगा उलटून वैनगंगेत गेल्या. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत अकरा जण बुडाले. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची सोय याच कायद्यात आहे. ते रजिस्टर कोणत्या ग्रामपंचायतीत ठेवलंय, दाखवा. जिल्ह्यात डोंगे शंभर असतील, दोनशेही असतील. मोजलेत कोणी?

आता तपासायचं काय, तेही आमच्याकडून ऐका, कारण चेकलिस्ट समुद्र पाहून केलेली दिसते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात तीच नाव तेवढ्याच वजनाला जास्त खाली बसते, साधारण अडीच टक्के. कागदावर हे थोडं वाटतं, पण नावेचा काठ पाण्यापासून चार बोटं उरला असेल तेव्हा बोटभरही महाग पडतं. डोंगा उलटतो कसा ते बघा. तळाला आधीच पाणी साचलेलं असतं. एक जण उठतो, डोंगा कलतो, तळातलं सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. मग काठावरून पाणी आत येतं, घाबरलेली माणसं एकाच वेळी दुसऱ्या बाजूला झेपावतात. हे इतक्या झटक्यात होतं की नावाड्याला ओरडायला सवड मिळत नाही. म्हणून भार मोजण्याआधी तळ कोरडा करायला लावा आणि पाणी उपसायचे दोन डबे दोरीनं बांधलेले आहेत का ते पाहा. शंभर-सव्वाशे किलोची मोटारसायकल उभी चढवली तर ते वजन उंचावर बसतं. तिला दोन माणसांच्या हिशेबात धरणं चूक आहे. ती आडवी टाकून बांधा, नाहीतर चढवूच नका. हा नियम तुमच्या कागदात सापडला नाही.

पत्र्याचा डोंगा पाण्यानं भरला की लाकडाच्या डोंग्यासारखा तरंगत राहत नाही, सरळ तळाला जातो. उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा 35 लिटरचा रिकामा कॅन पाण्याखाली 33 किलोच्या आसपास उचलतो. असे आठ-दहा कॅन बसायच्या फळ्यांखाली, दोन्ही टोकांना सारखे वाटून, पट्ट्यांनी आवळले तर भरलेला डोंगाही धरून राहण्यापुरता वर राहतो. सैल बांधले तर ते आधी निसटतात आणि डोंगा त्यांच्या मागोमाग बुडतो.

लाइफ जॅकेट सक्तीचं केलंत, चांगलं केलंत. पण जॅकेटचा पायातून घ्यायचा पट्टा नऊवारी लुगड्यावर नीट बसत नाही, बाया तो सोडून देतात. मग पाण्यात पडल्यावर जॅकेट कानापर्यंत वर सरकतं आणि तोंड खाली जातं. कमरेला रुंद, घट्ट आवळता येणारा पट्टा असलेली आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं मंजूर करा. ती कुलपाच्या पेटीत नकोत. पंचनाम्याला पेटी शाबूत सापडते, तेवढाच तिचा उपयोग.

इंजिनाचं वेगळंच. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत आणि वर जलपर्णी. बुंध्याला पंखा लागला की पिन तुटते. पर्णी थंडाव्याच्या पाण्याची जाळी बुजवते, मागून येणारी बारीक धार थांबते आणि इंजिन तापून बंद पडतं. बंद पडलेली नाव धारेला आडवी होते. म्हणून प्रत्येक इंजिनामागे दोन जादा पिना, पक्कड, दोन वल्ही आणि खोलीच्या पाचपट दोरीचा नांगर सक्तीचा करा. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असावी, हेही. सगळं मिळून सामान फार महाग नाही, एका तपासणी दौऱ्याच्या प्रवासभत्त्यात होईल, असा आमचा अंदाज.

आणि धरण! गोसीखुर्दला 33 दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले, किती विसर्ग सोडला, हे तहसीलला कळतं, पोलिसांना कळतं, टीव्हीवाल्यांनाही कळतं. खालच्या घाटावर भरली नाव मधोमध असलेल्या नावाड्याला कळत नाही. तुमचं खातं वेगळं, पाटबंधारे वेगळं, महसूल वेगळा, हे आम्हाला कितीदा समजावून झालं. नदी एकच आहे, साहेब! प्रत्येक घाटावर मापपट्टी रोवा, लाल खुणेच्या वर पाणी गेलं की फेरी बंद, आणि विसर्गाच्या संदेशात घाटावरच्या नावाड्यांचे मोबाइल नंबर टाका. यात आडकाठी करणारा एकही नावाडी निघाला तर आम्हीच त्याचा डोंगा ओढून काढू.

डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत गेटवेहून निघालेली नीलकमल ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा अख्खं सरकार धावलं. धावायलाच हवं होतं. इकडे माणूस बुडाला की चार दिवस शोधमोहीम, मदतीचा धनादेश, पाचव्या दिवशी नावाड्यावर गुन्हा. मागितलेला पूल अंदाजपत्रकात असतो. रेती काढून पात्रात पडलेले खड्डे मात्र खरेच असतात, आणि ते पाडणाऱ्यांना नोटीस गेल्याचं आमच्या ऐकिवात नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे सरकार 1960 पासून जवळजवळ दरवर्षी अधिवेशनाला नागपूरला येतं, हुरडा खातं, परत जातं. नागपूरहून वैनगंगेकाठचं पवनी दोन तासांच्या वाटेवर आहे.

तेव्हा या हिवाळी अधिवेशनाला येताना एक सर्वेक्षक सोबत आणा. मोजपट्टी, वजनाची पोती आणि चहा आमच्याकडे आहे. नकाशा नसलेल्या नावांची प्रत्यक्ष भार टाकून चाचणी घ्या. ज्या नापास होतील त्या आमच्यासमोर मोडा. ज्या पास होतील त्यांना त्याच दिवशी क्रमांक द्या. तोवर नोटिशीला काही दिवसांची तात्पुरती मुदत द्यावी. नाही म्हणायचं असेल तरी लेखी कळवावं, तोंडी शब्द आता पुरे झाले.

आपले,
वैनगंगेच्या घाटांवरचे नावाडी