ड जीवनसत्त्वाचा आकडा आणि आईची हाडे

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व मिलिलिटरला १७ नॅनोग्रॅम निघाले आणि त्यावरून हाडे ठिसूळ झाल्याचा निष्कर्ष घरात सर्वांनी काढला, असे बाबांच्या पत्रावरून कळले. त्या आकड्यावरून हाडांची बळकटी इतक्या सहज ठरत नाही. इकडे अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांची जी माहिती जमली आहे तिच्यामुळे हे चांगले उमगते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्वचेतील मेलॅनिन सूर्याची अतिनील किरणे अडवते, त्यामुळे येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रक्तात ड जीवनसत्त्व गोऱ्या स्त्रियांपेक्षा सरासरीने बरेच कमी आढळते. तरीही त्यांच्या हाडांची घनता अधिक असते आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. ड कमी पडले की गळ्यातील परावटू ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढून घेते, पण या स्त्रियांची हाडे त्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत, असे दिसते. ड वाहून नेणारे प्रथिनच त्यांच्यात कमी असते, असा खुलासा २०१३ मध्ये मांडला गेला होता आणि तो फार गाजला. पुढे मात्र मोजणीची पद्धतच प्रथिनाच्या आनुवंशिक प्रकारानुसार चुकीचे आकडे देत असल्याचे दिसून आले. साठीपुढच्या २६० कृष्णवर्णीय स्त्रियांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींची पातळी गोळ्या देऊन ३० च्या वर राखली होती, पण हाडांची झीज दोन्ही गटांत सारखीच झाली.

आशियाई स्त्रियांचे कोडे निराळे आहे. हाडांची घनता क्ष-किरणांनी तपासणारे डेक्सा यंत्र ती प्रति चौरस सेंटिमीटर मोजत असल्यामुळे लहान चणीच्या स्त्रीचे हाड आहे त्याहून विरळ भासते. शिवाय टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा तुलनात्मक गुण, काढताना तुलना सहसा तरुण गोऱ्या स्त्रियांशी होते, हे मला तरी खटकते.

याचा अर्थ ड निरुपयोगी, असा मात्र कोणी घेऊ नये. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत १९६० आणि १९७० च्या दशकांत मुलांना मुडदूस आणि मोठ्यांना अस्थिमृदुता झाल्याचे पुष्कळ रुग्ण आढळले होते. खरी, दीर्घकाळची कमतरता हाडांना नक्कीच भोवते. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षे वयाच्या स्त्रियांना रोज ८०० एकक ड आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम दिल्यावर खुब्याचे अस्थिभंग स्पष्टपणे घटले, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांनी सुमारे पाच वर्षे रोज २००० एकक घेऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत. ते लोक बहुतांशी कमतरता असलेले नव्हते. ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला आणखी देऊन लाभ होत नाही, इतकेच त्यातून मी घेते. एकदम मोठा डोस तर टाळावाच, कारण ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकक दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढले, असे २०१० मध्ये दिसले.

तुझ्या १७ विषयी सांगायचे तर, येथील तज्ज्ञ समितीने २० ही पातळी जवळजवळ सर्वांची गरज भागवणारी म्हणून ठरवली आहे, आणि सुमारे निम्म्या लोकांची गरज १६ वरच भागते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला रोजचा बेताचा डोस अवश्य घे, स्वतःच्या मनाने वाढवू नकोस. त्यांना तुझी पाळी कोणत्या वयात थांबली, आजीचा, म्हणजे तुझ्या आईचा, खुबा मोडला होता का, तू कधी स्टेरॉइड घेतले होतेस का आणि अलीकडे पडली होतीस का, हे सांग. यांतल्या एकेका उत्तराला त्या आकड्याहून अधिक वजन आहे. डेक्सा तपासणी करायची ठरली तर अहवालावर उंची आणि वजन नोंदवून घे आणि तो मला पाठव.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी लेक