नगराध्यक्षांचे फलक रंगवण्याआधी ठरावबही उघडा

मा. संपादक,

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर राज्यातल्या नगरपरिषदांत पुन्हा नगराध्यक्ष आले. त्याआधी तीन-चार वर्षे बहुतेक ठिकाणी प्रशासकच कारभार पाहत होते. आता सभागृहातल्या ‘आजी-माजी नगराध्यक्ष’ फलकावर नवी नावे चढतील, काही ठिकाणी जुना लाकडी फलक काढून ग्रॅनाइटचा बसेल. चुकीची यादी एकदा दगडात कोरली की स्मरणिकेपासून शाळेच्या प्रकल्पापर्यंत सगळे तीच उतरवतात. म्हणून हे पत्र.

सर्वात मोठा घोळ ‘पहिले नगराध्यक्ष’ या शब्दांत असतो. मुंबई इलाख्यात १८५० च्या कायद्याखाली नगरपालिका निघू लागल्या, तेव्हा अध्यक्षपद बहुधा कलेक्टरकडे पदसिद्ध असे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा कायदा आला आणि बिनसरकारी अध्यक्षाची वाट मोकळी झाली. तरी कित्येक गावांत पुढेही सरकारनियुक्त अध्यक्षच होते. त्यामुळे ‘पहिले’ एक नसतात. पहिले पदसिद्ध, पहिले बिनसरकारी, सभासदांनी निवडलेले पहिले आणि जनतेने थेट निवडलेले पहिले, असे चार वेगळे मानकरी निघू शकतात. फलक पदसिद्ध इंग्रज साहेबांना वगळून सुरू करायचा तर खुशाल करावा, पण वर तसे लिहावे.

थेट निवडीचा इतिहासही सरळ नाही. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडले. पुढे ही पद्धत गेली, २००१ मध्ये परत आली, २००६ मध्ये पुन्हा गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. सदस्यांतून निवड असताना मुदत कधी एक वर्ष, कधी अडीच वर्षे. त्यामुळे एकाच पाच वर्षांच्या सभागृहात कुठे एक नाव दिसते, कुठे चार-पाच. ‘आमच्या गावाचे सत्ताविसावे नगराध्यक्ष’ अशा आकड्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. तीच व्यक्ती मध्ये खंड पडून दुसऱ्यांदा आली तर व्यक्ती मोजायची की कारकीर्द, हेही आधी ठरलेले नसते.

तारखांसाठी मुख्य आधार सभेचे इतिवृत्त, म्हणजे ठरावबही. पण ती वाचायची एक रीत आहे. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला ‘अध्यक्षस्थानी’ म्हणून एक नाव असते. ते नगराध्यक्षाचेच असेल असे नाही. नगराध्यक्ष गैरहजर असतील तर उपाध्यक्ष, तेही नसतील तर उपस्थितांनी निवडलेला सदस्य तिथे बसतो. त्याहून फसवी गोष्ट इतिवृत्ताखालच्या सहीची. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम, म्हणजे मंजूर, केले जाते आणि सही त्या पुढच्या सभेच्या अध्यक्षाची पडते. समजा, मार्चअखेरच्या सभेनंतर नगराध्यक्ष बदलले आणि एप्रिलच्या सभेत नव्यांनी मागचे इतिवृत्त कायम केले. घाईने पाने चाळणारा माणूस मार्चच्या सभेखालची सही पाहून नव्या नगराध्यक्षांची कारकीर्द महिनाभर आधी सुरू करतो. जुन्या फलकांवर शेजारशेजारच्या दोन कारकिर्दी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशाच घडलेल्या असणार. म्हणून निवडीच्या विशेष सभेचे इतिवृत्त, पदभार घेतल्याची नोंद आणि राजपत्रातली प्रसिद्धी या तिन्ही तारखा वेगवेगळ्या उतरवाव्यात आणि फलकावर पदभाराची तारीख घ्यावी.

नुसते ‘१९३८-३९’ लिहिणे टाळावे. ते आर्थिक वर्ष आहे की दोन इसवी सनांत पसरलेली कारकीर्द, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. इसवी सन काढायला जुन्या कागदांत शक असेल तर ७८ मिळवावेत (पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९), मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, वर्ष असेल तर ५९०; फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने महिना पाहूनच सन पक्का करावा. दक्षिणेतली बहुतेक संस्थाने १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले, त्याआधी तिथले कायदे वेगळे होते. विदर्भात १९२२ चा मध्य प्रांताचा कायदा होता. सगळ्या राज्याला एकच कायदा १९६५ चा. इलाख्याच्या सनावळ्या उचलून मराठवाड्यातल्या गावाला चिकटवल्या की चूक ठरलेलीच.

राजीनामा, अपात्रता, न्यायालयाची स्थगिती यांमुळे पडणारे खंड फलकवाल्यांना नकोसे वाटतात. नगराध्यक्षाचा राजीनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणून त्याचा कागद पालिकेत मिळाला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत पाहावा. मधल्या काळातले प्रभारी आणि प्रशासक वेगळ्या रंगात का होईना, पण लिहावेत. नाहीतर २०१६ नंतर थेट २०२५ चे नाव दिसते आणि २०१६ चे गृहस्थच नऊ वर्षे खुर्चीत होते असा समज होतो. नगरपरिषदेची महानगरपालिका झाली असेल, जसे कोल्हापूर १९७२ मध्ये किंवा इचलकरंजी २०२२ मध्ये, तर महापौरांची यादी नव्याने सुरू करावी. ती नगराध्यक्षांच्या क्रमांकाला जोडू नये. पद, कायदा आणि अधिकार तिन्ही बदललेले असतात.

पालिकेत बह्या नसतील तर पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची पुरालेखागारे आहेत. माहिती अधिकारात ‘सर्व नगराध्यक्षांची यादी द्यावी’ असा अर्ज करू नये. तयार यादी नसेल तर ती बनवून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर तीस दिवसांनी हातात पडते. ‘अमुक ते अमुक वर्षांच्या ठरावबह्यांची पाहणी व निवडक पानांच्या प्रती’ असे मागावे. आपल्या राज्यात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, शुल्क दहा रुपये. कोनशिला हा दुय्यम पुरावा समजावा, कारण समारंभ पुढे ढकलला तरी दगड आधीच कोरलेला असतो.

बही हाती आल्यावर फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकटपट्टीचा डिंक वर्षांनी पिवळा पडून शाई खातो. पान उघडे ठेवून, पृष्ठक्रमांक दिसेल असा फोटो घ्यावा. फलकावर नाव, पदभार, पदमुक्ती आणि निवडीचा प्रकार एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक नोंदीमागचा ठराव क्रमांक आणि बहीचे पान वेगळ्या नोंदवहीत लिहून ती मुख्याधिकाऱ्यांच्या अभिलेख कक्षात ठेवावी, म्हणजे पुढे एखाद्या घराण्याने ‘आजोबांचे नाव राहिले’ म्हणून अर्ज दिला तर तो पुराव्यावर तपासता येईल.

आपला,
स्थानिक अभिलेखांचा एक अभ्यासक