चिनूला सकाळी उठवू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी तुटक बोलले. फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. पण चिनूचा पहाटेचा क्लास मी बंद केलाय आणि तो पुन्हा सुरू करणार नाही. तुम्ही येण्याआधी सगळं सविस्तर सांगावं म्हणून लिहितेय.

तुम्ही म्हणालात, पोरगं आळशी होईल. तो आळशी असता तर मला घोरच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी रात्री दोनला त्याच्या दाराखाली उजेड दिसला. आत गेले तर दप्तर पालथं केलेलं आणि तो एकेक वही पुन्हा आत भरत होता. चौथ्यांदा. "काहीतरी राहिलंय गं," म्हणाला. मधूनच दोन बोटं गळ्याला लावून ठोके मोजत होता. हात गारठलेले. आणि पाचला गजर ठरलेला.

डॉक्टरांनी समजावलं की वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं, कधी कधी तर दोन तासांपर्यंत. दहाला दिवा घालवला तरी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि झोप तर या वयात आठ ते दहा तास हवी. चिनूची पाचही होत नव्हती. बाबा, तुम्हाला आधार लागतो म्हणून सांगते, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच म्हटलंय की या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत.

झोप तुटली की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग जास्तच बिथरतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. मग साधी तोंडी परीक्षाही छातीत धडकी भरवते आणि त्या धास्तीनं पुन्हा झोप उडते. हे चक्र कुठून तरी तोडायला हवं होतं. माझ्या हातात पहाटच होती.

आता तो सातला उठतो. धास्ती गेलेली नाही, समुपदेशक ताईंकडे दर गुरुवारी जातोच. पण दप्तर एकदाच भरतो.

दादाच्या त्या वर्षाचा विषय मी काढणार नव्हते. तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये, खरंच नाही. तेव्हा आपल्याला कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि पहाटे त्याच्यासोबत तुम्हीही उठून बसायचात, बाबा. आई, पेपरच्या आदल्या रात्री माझ्या पोटात गोळा यायचा, तेव्हा तू पुस्तक काढून घ्यायचीस आणि मला झोप लागेपर्यंत पाठीवरून हात फिरवायचीस. अजून आठवतो तो हात.

तुमची काही गैरसोय होणार नाही. मागची खोली तुमचीच. आईच्या गुडघ्यांसाठी पलंग उंच करून घेतलाय, बाथरूमपर्यंत रात्रीचा छोटा दिवा लावलाय. बाबा, चारला उठून तुम्ही खुशाल रेडिओ लावा, चिनूच्या खोलीपर्यंत आवाज जात नाही.

पण काही गोष्टी पाळायच्या म्हणजे पाळायच्या. सातच्या आत त्याला हाक मारायची नाही. सुट्टीच्या दिवशी तासभर उशीर चालेल, दुपार नको, नाहीतर घड्याळ आणखी पुढे सरकतं. संध्याकाळी कॉफी द्यायची नाही, आई, "घोटभर"सुद्धा नाही, कारण पाच-सहा तासांनीही तिचा निम्मा अंमल अंगात राहतो. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, बाबांचाही. झोपायला जाताना "अभ्यास झाला का" विचारायचं नाही. उद्याच्या काळज्या तो कागदावर उतरवून ठेवतो, तो कागद वाचू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, असं त्याला सांगितलंय. तसा दिसला तर काय झालं म्हणून विचारू नका, नुसतं शेजारी बसा. तुम्हाला ते छान जमतं.

आणि बाबा, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन निघा, मागच्यासारखं नको.

चिनू रोज विचारतोय, आजोबा आल्यावर रात्री बुद्धिबळ खेळायचं का. खेळा, पण नऊपर्यंतच.

तुमची,
शमी