ताकुआरेंबोच्या त्या कुटुंबाचे मनःपूर्वक आभार

उरुग्वेच्या उत्तरेकडचं ताकुआरेंबो म्हणजे गुराढोरांच्या मुलखातलं गाव. मार्चमध्ये तिथे गाउचो लोकांचा, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणाऱ्यांचा, ‘पात्रिया गाउचा’ हा मोठा उत्सव भरतो, १९८७ पासून. तो बघायला आईला घेऊन गेलो आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कळलं, आमची खोली दुसऱ्यालाच दिलीय. उत्सवामुळे गावात एकही खोली रिकामी नव्हती.

बस स्टँडवर सामानावर बसलेल्या आईला एका बाईंनी पाहिलं. माझं स्पॅनिश जेमतेम. त्यांनी मला थांबवलं, चारपाच फोन लावले आणि शेवटी सरळ स्वतःच्याच घरी नेलं. नातवाची खोली आम्हाला, नातू बाहेर सोफ्यावर. तोही बिचारा हसतमुख!

अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत होतं. आई शाकाहारी. हे कळताच आजोबा उठले, जाळीवरची जागा नुसती पुसली नाही, तर वेगळा तवा आणून चुलीवर चढवला, त्यावर बटाटे, कांदे, रताळी भाजली. चिमटासुद्धा वेगळा. मग ‘माते’ आली, म्हणजे चहासारखं तिथलं पानांचं गरम पेय. भोपळ्याचं एकच भांडं, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. उष्ट्याखरकट्याचं एवढं पाळणाऱ्या आमच्या मातोश्रींनी तीन वेळा घेतली!

सकाळी आजोबांनी स्टँडवर सोडलं. पेट्रोलचे पैसे काही केल्या घेईनात. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा मात्र त्यांच्या हातात कोंबलाच.

आजी-आजोबा, तुमचे आणि सोफ्यावर झोपलेल्या त्या पोराचे फार फार आभार.