कंप्रेसरचा दाब वाढवायच्या आधी पाईपचा साईज बघा

मा. संपादक,

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा ह्या भागात फौंड्री आणि मशीन शॉप भरपूर, आणि बहुतेक ठिकाणी हवेची लाईन (कंप्रेसरनं दाबलेली हवा मशीनपर्यंत नेणारा पाईप) आहेच, पण पाईप किती इंची घ्यायचा हे कंप्रेसरच्या तोंडाला कितीचं सॉकेट आहे आणि त्या दिवशी दुकानात जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचा) रेट काय चाललाय ह्यावरच ठरतंय. मी लाईन टाकायचं काम करतो म्हणून मुद्दाम लिहायलोय, कारण ह्याचा भुर्दंड मालकाला दर महिन्याच्या बिलात बसतोय आणि कळत मात्र नाही.

होतं काय, लाईनीच्या टोकाच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) हवा कमी पडल्याचा अलार्म येतो, मग कोणतर जाऊन कंप्रेसर सातवरनं आठ बारवर (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) करून येतं आणि काम भागलं म्हणतात. पण एक बार वाढवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते. २५ एचपीचा कंप्रेसर दोन शिफ्ट, वर्षाचे ३०० दिवस फुल लोडवर चालला तर सहा हजार युनिटच्या आसपास फुकट गेले, वर दाब वाढल्यामुळं लीकेजमधनं जाते ती हवा वेगळीच.

आता पाईपचं बघा. १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवा, ७ बार दाब, ६० मीटर सरळ लाईन धरली तर पाऊण इंची जीआयमध्ये जवळपास ०.९ बार वाटेतच जातो, एक इंचीत ०.३ च्या आसपास, आणि दीड इंचीत ०.०४ सुद्धा जात नाही! दाबाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो म्हणून एवढा फरक पडतो. शिवाय उद्या मशीन वाढून हवा दुप्पट लागली तर त्याच पाईपात तोटा साडेतीन-चार पट होतो, तेव्हा मेन लाईन आजच्या नाही, पुढच्या गरजेवर काढा, हवेचा वेग सेकंदाला ६ ते ९ मीटरच्या आत राहिला पाहिजे. फिटिंगकडं तर कोण बघतच नाही, एक इंची लाईनवर चाकाचा ग्लोब वॉल (चाक फिरवून उघडायचा व्हॉल्व्ह, ह्यात हवेला वळणं घेत जावं लागतं) बसवला की आठ-नऊ मीटर जादा पाईप टाकल्यासारखंच, तिथं फुल बोअर बॉल वॉल (पाईपाएवढंच सरळ भोक असलेला व्हॉल्व्ह) घ्या की. आणि मशीनला उतरणारी लाईन मेनच्या वरच्या अंगानं काढा, आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतल्या बाष्पाचं लाईनीत पाणी साचतंच, खालनं काढली की ते सगळं मशीनमध्ये.

सगळ्यात काळजीचं म्हणजे पैसे वाचवायला काही ठिकाणी प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप हवेला वापरतात. पाण्यात तो फुटला तर गळतो, हवेत फुटला तर तुकडे गोळीगत उडतात, आणि खाली माणूस उभा असतो. हे ताबडतोब थांबायला पाहिजे.

इथल्या उद्योजक संघटनांनी आणि आयटीआय, पॉलिटेक्निकनी मिळून फिटर लोकांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. आणि लाईनीला कोटेशन मागताना मालकांनी फक्त फुटाचा रेट न विचारता टोकाच्या मशीनला किती बार मिळणार ते लिहून मागावं.

– हवेच्या लाईनचं काम करणारा एक फिटर, उद्यमबाग, बेळगाव