चावडीची किल्ली कुणाकडं? महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भावकीतल्या एका वाटणीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला गेला. नोटीस कुठं लागलीय असं विचारलं, तर उत्तर आलं, “आपली चावडी बघा की, काकू.” मी छत्री उघडून चावडीकडं निघाले. मागं पोरं हसायला लागली. ‘आपली चावडी’ म्हणजे तुमच्या खात्याची, मोबाईलवर नोटिसा दाखवणारी. नाव छान ठेवलंय, खोटं कशाला बोलू. पण मी ज्या चावडीकडं निघाले होते तिच्या दाराला कुलूप होतं, आढं मधोमध खचलं होतं आणि ओसरीवर दोन शेळ्या पावसाच्या आडोशाला उभ्या होत्या.

जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचं कलम १५० आजही सांगतं की फेरफाराची नोंद केली की तलाठ्यानं तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची. म्हणजे कायद्याच्या लेखी आमची चावडी अजून उभी आहे. नोटीस तिथं लागली असती तर त्या शेळ्यांनीच खाल्ली असती, ही गोष्ट वेगळी.

मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरकडेच्या एका गावची. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ मध्ये झाल्या, त्यानंतर मी एकदा सदस्य होते, पाच वर्षं. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की पत्र ‘स्थानिक प्रश्न’ म्हणून खाली ढकललं जातं आणि फिरून त्याच टेबलावर येतं, जिथून आम्ही आधीच चार वेळा परत आलोय.

आमची चावडी पाच खणांची. घडीव दगडाचं जोतं, सागाचे आठ खांब, खाली तळखडे, चुन्यात बांधलेल्या भिंती, वर कौलं. मागं दोन खोल्या. एकीत दप्तर असायचं. दुसरीत, असं म्हातारी माणसं सांगत, रात्री सापडलेला चोर सकाळपर्यंत बसवून ठेवत. पुढच्या ओसरीवर पाटील, कुलकर्णी, सारा भरायला आलेली कुणबी मंडळी. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं. मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली. तलाठी आला, मग त्याच्या सजेचं, म्हणजे त्याच्याकडच्या गावांच्या गटाचं, ठिकाण शेजारच्या गावात गेलं, आणि आता तलाठी हे नाव जाऊन ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. प्रत्येक बदलाला चावडीतलं एकेक माणूस उठून गेलं. शेवटी राहिलं ते कुलूप, आणि त्याची किल्ली सहा किलोमीटरवर कुणाच्या तरी खणात.

चावडी सोन्याची होती असं मला म्हणायचं नाही. माझ्या सासूबाई तिच्यासमोरून जाताना पदर पुढं ओढून, मान खाली घालून जायच्या. जन्म या गावात काढला, पण त्या कधी त्या पायऱ्या चढल्या नाहीत. आणि खालच्या आळीतली माणसं तर चावडीच्याच कामाला जुंपलेली. सांगावा पोचवायचा, वसुलीचा पैसा तालुक्याला न्यायचा, आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची, रात्री-बेरात्री हाक आली की हजर व्हायचं, आणि एवढं करून उभं राहायचं पायरीच्या खाली. त्या महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं होतं. वतन प्रत्यक्ष जायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्यामुळं जुनी चावडी जशी होती तशी परत आणा, असं गावातली निम्मी माणसं कधीच म्हणणार नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. मी सदस्य झाल्यावर पहिल्यांदा त्या पायऱ्या चढले तेव्हा आत धूळ, वटवाघळं आणि एक मोडकी खुर्ची होती. तरी पाय जरा अडखळलाच.

तरीपण मला ती चावडीच हवी आहे. का, ते सांगते.

आमच्या गावात छपरांची कमतरता नाही. आमदार फंड, २५१५ (गावातल्या कामांचं सरकारी लेखाशीर्ष), जनसुविधा अशा नावांनी पैसा येतो आणि तो सिमेंटचा होतो. एका आळीत समाजमंदिर, दुसऱ्यात सभामंडप, तिसऱ्यात ‘बहुउद्देशीय सभागृह’, ज्याचा सध्याचा एकमेव उद्देश खताची पोती ठेवणं हा आहे. प्रत्येकावर संगमरवरी पाटी आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती पाटी इमारतीपेक्षा चांगल्या अवस्थेत आहे. पण यातलं प्रत्येक छप्पर कुणाचं तरी आहे. या भावकीचं, त्या मंडळाचं, अमुक समाजाचं. एका आळीचा माणूस दुसऱ्या आळीच्या मंडपात बसताना चपला कुठं काढायच्या हे आधी बघतो.

ग्रामसभा भरते देवळात. पंचायतीच्या कार्यालयात वीस माणसं बसली की दार लागत नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. वर्षाला निदान चार सभा, आणि प्रत्येक सभेआधी महिलांची वेगळी सभा. ती महिलांची सभा देवळात घ्यायची म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. चार दिवसांच्या बाया बाहेर पायरीवर बसतात किंवा येतच नाहीत. काहींना देवळात शिरायला आजही मनातून नको वाटतं, कारण आजा-पणजाला तिथं कसं वागवलं ते घरात सांगितलेलं असतं. मी सदस्य असताना दारूबंदीवर बोलायला जमलेल्या बायकांपैकी कित्येकजणी उंबऱ्याच्या बाहेर होत्या. सही मात्र सगळ्यांची घेतली.

गावात देवाची नाही, जातीची नाही, आळीची नाही, भावकीची नाही, अशी एकच इमारत उरली आहे. ती सरकारची आहे. आणि ती पडत चाललीय.

आता फायलीबद्दल थोडं. फार लिहीत नाही, तुम्ही अशा हजारो पाहिल्या असतील. पंचायतीनं दुरुस्तीचा ठराव केला. एका कार्यालयानं सांगितलं, इमारत महसूलची, पंचायतीचा पैसा तिच्यावर लावता येणार नाही. दुसऱ्यानं सांगितलं, वापरात नसलेल्या इमारतीवर खर्च दाखवता येत नाही. वापर का नाही? गळते म्हणून. गळती काढा. वापरात नाही म्हणून काढता येत नाही. मध्यंतरी ड्रोन येऊन गावठाण मोजून गेलं, मिळकत पत्रिका निघाल्या. चावडीच्या पत्रिकेवर धारक ‘महाराष्ट्र शासन’. आम्हाला वाटलं, चला, मालक तरी सापडला. मग एक साहेब बोलता बोलता म्हणाले, निर्लेखन करून टाका, म्हणजे सरकारी यादीतून काढा, पाडून नवीन आरसीसी बसवू, त्याला पैसा आहे.

पाडायला आणि बांधायला पैसा आहे. जपायला नाही, आणि चालवायला तर मुळीच नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्याबद्दल तक्रार नाही, पाणी आधी. उरलेला मोकळा म्हणायचा, पण तोही पगाराला, आस्थापनेला लावायचा नाही. मग झाडणाऱ्या बाईला काय द्यायचं? विजेचं बिल कुणाच्या नावावर? नवी सभागृहं कुलपात राहतात ती लोक आळशी आहेत म्हणून नव्हे. ती उघडायचं, झाडायचं, बल्ब बदलायचं काम कुणाचं हे बांधताना कुणी लिहिलेलंच नसतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर आमची चावडी म्हातारपणानं मरत नाहीये, शाकारली नाही म्हणून मरतेय. कौलारू इमारत दर वर्षी वैशाखात शाकारावी लागते. कौलं उतरवायची, फुटकी काढायची, वासे-रिपा बघायच्या, वाळवी लागली असेल तर तेवढं लाकूड बदलायचं आणि पुन्हा चढवायचं. दोन गडी, चार दिवस. हे काम एक वर्ष चुकलं की एक वासा जातो. दहा वर्षं चुकलं की आढं बसतं.

आणि एक कबुली देते. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यानंतर गाव चकाचक करायच्या भरात आम्ही लोकांनी चावडीच्या भिंतींना खालच्या बाजूनं सिमेंटचा गिलावा केला आणि वर निळा ऑइलपेंट मारला. मीही हातात ब्रश घेतला होता. फार हौस होती. जुनी चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर टाकून देते. तिच्यावर सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते. आता त्या निळ्या रंगाचे पापुद्रे हाताएवढे सुटतात आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजली आहेत. हे आम्हाला शिकवलं ते गावातल्याच एका म्हाताऱ्या गवंड्यानं, ज्यानं तरुणपणी चुना दळायच्या घाणीवर बैल हाकले होते. एस्टिमेट करायला आलेल्या तरुण अभियंत्याला त्यानं चुन्याचं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, तेवढं चांगलं. पण म्हणाला, “आजोबा, मला सिमेंटचं करता येतं, चुन्याचं कागदावर कसं बसवू?”

एवढ्यासाठी आम्हाला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक व्हायचं नाही. १९६० च्या स्मारकांच्या कायद्यात शिरलो तर खिळा ठोकायलाही परवानगी काढत बसावं लागेल, आणि आमच्या चावडीत कुठला राजा राहिला नव्हता. मुंबईला १९९५ मध्ये वारसा नियमावली मिळाली. खेड्यातल्या अशा इमारती मात्र एकीकडं स्मारक आणि दुसरीकडं निर्लेखन यांच्या मधल्या खड्ड्यात पडल्या आहेत. आमच्याच जिल्ह्यात भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पुस्तकं लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत ठेवली. आहे ते छप्पर वापरायची अक्कल शासनाला सुचते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मागणी एकच आहे, आणि ती कायद्यातली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५१ काढून बघा. गावातल्या मोकळ्या जागा, गायरान, रस्ते, विहिरी, झाडं, आणि सरकारकडं असलेली गावातली दुसरी कुठलीही मालमत्ता शासन अटी घालून पंचायतीकडं सोपवू शकतं. वापराबाहेर पडलेल्या चावड्या या कलमाखाली पंचायतींकडं सोपवा. अटी जरूर घाला. पाडायची नाही, ही पहिली घाला. विकायची नाही, भाड्यानं दुकान काढायचं नाही. कुठल्याही पक्षाचा, मंडळाचा, समाजाचा फलक आत-बाहेर लागणार नाही, हीसुद्धा घाला, कारण ही अट आम्ही आमची आम्ही घातली तर निवडणुकीच्या आधी टिकणार नाही. तुमच्या सहीनं आली तर टिकेल. आणि वर्षाच्या शाकारणीपुरता का होईना, पैसा देखभालीच्या नावानं द्या, बांधकामाच्या नावानं नको.

चालवण्याचं आम्ही ठरवलंय. गेल्या वर्षी बचत गटाच्या बायकांनी बसून वहीत लिहून काढलं. किल्ल्या दोन, एक पंचायतीच्या शिपायाकडं, एक गटाकडं. पहाटे आणि रात्री भरतीची, स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी अभ्यासाला, आत्ता ती पोरं एसटी स्टँडच्या लाईटखाली बसतात. दुपारी गटाची बैठक. एकादशीच्या आदल्या रात्री भजनी मंडळाला. लग्नाला नाही, यावर बराच वाद झाला, पण नाहीच, कारण लग्न आलं की डीजे आला आणि आढं डीजेनं बसायचं. बियाणं कंपन्यांचे मेळावे, विमावाल्यांची शिबिरं यांच्याकडून भाडं घ्यायचं, त्यातून झाडणाऱ्या बाईचा पगार. नाही पुरलं तर घरटी पट्टी. ग्रामसभा आणि महिला सभा फुकट. आणि ‘आपली चावडी’वर जी नोटीस लागेल तिची कागदी प्रत दाराशेजारच्या फळीवर लागावी, ज्यांना मोबाईल बघता येत नाही त्यांच्यासाठी. ते तर तुमच्या कलम १५० मध्येच आहे.

सामानाची तयारीही आम्ही केलीय. गावात घराघरावर स्लॅब पडतोय, तशी जुनी कौलं उतरतायत. ती भंगारात जायच्या आधी आम्ही मागून घेतली आणि शाळेच्या मागं रचून ठेवली. एका पडक्या वाड्याच्या मालकानं सागाच्या दोन तुळया देऊ केल्यात. तो म्हातारा गवंडी अजून शिडी चढतो, पण या दिवाळीनंतर चढेल असं त्याचा मुलगा म्हणत नाही.

कौलांचं एक राहिलं. हेडमास्तरांनी निरोप पाठवलाय की साप निघतात, जूनला शाळा उघडायच्या आत तो ढीग उचला. तुमचा कागद त्याआधी आला तर उचलून थेट चावडीवर चढवतो. नाहीतर ठेवायला दुसरी जागा शोधावी लागेल, आणि सध्या कोरडी जागा म्हणाल तर खताच्या पोत्यांशेजारीच आहे.

कळावे,

चावडीसमोर राहणारी एक माजी ग्रामपंचायत सदस्य
जि. सातारा