कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी

कराड, रविवार रात्र

चि. सानिका हीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवून खाली एवढेच लिहिलेस, "बाबा, घेऊ का?" मी "रविवारी सांगतो" असे उत्तर दिले, त्याचा तुला राग आला असणार, कारण जो माणूस दिवसभर काउंटरवर उभा राहून गावाच्या चिठ्ठ्या वाचतो, त्याला पोटच्या मुलीची चिठ्ठी वाचायला चार दिवस का लागावेत? खरे सांगायचे तर आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरच्या औषधाचे नाव दिसताच माझ्या तोंडून 'नको' हाच शब्द निघाला, आणि तो औषधविक्रेत्याचा होता की बापाचा, हे मला लगेच ठरवता येईना.

दिवाळीत तू घरी आलीस तो प्रसंग मी या चार दिवसांत पुन्हा पुन्हा आठवला. पुण्यातल्या मुली गाडीवर धुळीसाठी तोंडाला स्कार्फ बांधतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण तू घरात आलीस, आजीच्या पाया पडलीस, तरी चहाचा कप हातात येईपर्यंत तो सोडला नाहीस. आणि सोडल्यावरही उजवा गाल भिंतीकडे राहील अशी जागा धरून बसलीस. पाडव्याच्या एकाही फोटोत तू नाहीस. मी इतकी वर्षे "वयात येताना सगळ्यांनाच होतात" असे म्हणून तुझी बोळवण करत आलो. परंतु त्या सकाळी उजेडात पाहिले तेव्हा ते वरवरचे फोड नव्हते, कातडीखाली दुखऱ्या गाठी होत्या, आणि जुन्या गाठी बसलेल्या जागी दोन-तीन बारीक खड्डे पडू लागले होते. गाठ आज ना उद्या बसते, खड्डा मात्र राहतो, आणि तो भरून काढण्याचे उपचार महागडे असूनही पुरते यश देत नाहीत. तेव्हा हे औषध न घेण्याचाही एक धोका आहे, आणि तो मी आजवर हिशेबातच धरला नव्हता.

तुझ्या डॉक्टरांनी घाई केली, असेही म्हणता येणार नाही. वर्षभर बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन ही मलमे लावून झाली, तीन महिने डॉक्सिसायक्लीनच्या कॅप्सूल झाल्या. ते प्रतिजैविक आणखी लांबवले तर जंतू त्याला सरावतात आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही, म्हणून त्यांनी ते थांबवले, हे योग्यच झाले. त्यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी हीच असते.

हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले. अमेरिकेत १९८२ साली रोश कंपनीने ते अ‍ॅक्युटेन या नावाने बाजारात आणले आणि गाठींच्या मुरुमांचा उपचार त्यानंतर बदलून गेला. बाकीची औषधे मुरुमाच्या एखाद्या कारणावर काम करतात, कुणी जंतूंवर, कुणी बंद झालेल्या रंध्रांवर. हे मात्र चेहऱ्यातल्या तैलग्रंथींनाच आकुंचित करते, त्यामुळे तेल कमी होते, रंध्रे तुंबत नाहीत, जंतूंना खाद्य उरत नाही आणि सूजही उतरते. म्हणूनच एक पूर्ण कोर्स झाल्यावर पुष्कळांना वर्षानुवर्षे पुन्हा औषध लागत नाही. काहींना दुसरा कोर्स घ्यावा लागतो. माझ्या दुकानात स्ट्रिप घ्यायला खाली मान घालून येणारी मुले वर्षभराने ताठ मानेने खोकल्याचे औषध न्यायला आलेली मी पाहिली आहेत.

मग 'नको' का आले? त्यात माझा एक जुना गुन्हा मिसळलेला आहे, आणि तो तुला सांगायला हवा. तू तिसरी-चौथीत असशील, तेव्हा आपल्या पेठेतली एक मुलगी डागांसाठी एक ट्यूब न्यायची. त्यात बीटामेथासोन हे स्टिरॉइड होते. चिठ्ठी नव्हती, मी विचारली नाही, तिने दाखवली नाही. महिनाभर चेहरा उजळला, म्हणून तिने वर्षभर लावली, आणि थांबवली तेव्हा गाल भाजल्यासारखे लाल झाले, त्यावर बारीक फोडांची रांगोळी उठली. तिच्या आईने ती ट्यूब माझ्या काउंटरवर आणून ठेवली आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. स्टिरॉइडच्या मलमांवर चिठ्ठीची सक्ती सरकारने २०१८ साली कडक केली खरी, पण मला ती अक्कल त्या ट्यूबने आधीच शिकवली होती. तेव्हापासून चेहऱ्यावरचे कुठलेही जालीम औषध म्हटले की मला तो लाल गाल दिसतो. मात्र ती चूक औषध विनाचिठ्ठी, विनातपासणी वर्षभर वापरण्याची होती. तुझ्या बाबतीत डॉक्टर आहेत, चिठ्ठी आहे, आणि तू विचारते आहेस.

आता हिशेब. तुझे वजन ५२ किलो. रोजचा डोस साधारणपणे किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम असतो. तुला २० मिलिग्रॅम लिहिले आहे, म्हणजे थोडा कमीच, आणि आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर तसेच देतात, कारण त्रास कमी होतो. पण पूर्ण कोर्ससाठी किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम हा जो आकडा धरतात, त्यातला खालचा घेतला तरी ६२४० मिलिग्रॅम होतात, म्हणजे रोज २० प्रमाणे ३१२ दिवस. दहा महिने! चिठ्ठीवर तीनच महिने लिहिलेले आहेत, ते पहिल्या टप्प्याचे की पूर्ण कोर्सचे, हे डॉक्टरांना विचार. चेहरा साफ दिसू लागताच तिसऱ्या महिन्यात स्वतःहून बंद करणारेच पुढे "औषधाचा उपयोग झाला नाही" असे सांगत फिरतात.

यापुढचा भाग बापाने मुलीला लिहावा का, यावर तुझी आई आणि मी दोन दिवस बोललो. ती म्हणाली, तुम्ही काउंटरवर परक्यांच्या मुलींना सांगता ते हिला सांगायला कसली लाज? तर ऐक. या औषधाचा खरा मोठा धोका एकच आहे, तो म्हणजे गर्भ. हे पोटात असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत, चेहऱ्यात गंभीर व्यंग येण्याची शक्यता २० ते ३५ टक्के इतकी सांगितली जाते; थॅलिडोमाइड या गर्भाला व्यंग आणणाऱ्या जुन्या औषधानंतर इतक्या धास्तीने पाहिलेले औषध क्वचितच असेल. अमेरिकेत २००६ पासून हे घेणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी होते, आणि ज्यांना दिवस राहू शकतात त्यांना गर्भ नसल्याची चाचणी केल्याशिवाय कॅप्सूल मिळत नाही. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. खोक्यावरची सूचना आणि डॉक्टरांचे दोन शब्द, एवढेच. म्हणून नियम तूच पाळायचा: सुरू करण्याआधी एक महिना, घेत असताना सर्व काळ आणि थांबवल्यानंतर एक महिना दिवस राहता कामा नयेत. तुझ्या खासगी आयुष्याबद्दल मी काही विचारत नाही आणि विचारणारही नाही. पण डॉक्टरांनी विचारले तर आम्ही काय म्हणू या भीतीने त्यांना अर्धवट उत्तर देऊ नकोस. आणि या स्ट्रिपमधली एकही कॅप्सूल होस्टेलवरच्या मैत्रिणीला 'बघ घेऊन' म्हणून द्यायची नाही.

आजीची काळजी वेगळी आहे. "लग्नाआधी असली औषधे घेतली तर पुढे मूल होत नाही," असे तिला कुणीतरी सांगितले आहे. ते खरे नाही. औषध थांबवल्यावर महिन्याभरात ते शरीरातून निघून जाते, आणि त्यानंतरच्या गर्भाला त्याची बाधा होत नाही. मी तिला हे दोनदा समजावले. तिने दोन्ही वेळा मान हलवली आणि मंजिष्ठाचे चूर्ण पुडीत बांधून ठेवले. ते लावायला हरकत नाही, पण या काळात कातडी इतकी नाजूक होते की खरखरीत काही चोळू नकोस.

मनाविषयीही लिहितो, कारण इंटरनेटवर तू तेच आधी वाचले असशील. या औषधाने नैराश्य येते, आत्महत्येचे विचार येतात, असा इशारा अमेरिकेत १९९८ साली माहितीपत्रकात घातला गेला. बार्ट स्टुपाक नावाच्या तिथल्या लोकप्रतिनिधीचा तरुण मुलगा हे औषध घेत असताना २००० साली गेला, आणि त्या बापाने हा प्रश्न पुढे लावून धरला. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासांत, औषध घेणाऱ्या सर्वांचा मिळून विचार केला तर धोका वाढलेला दिसला नाही. उलट चेहरा सुधारल्यावर अनेकांचे मनही हलके झाले. तरीही एखाद्याला त्रास होऊ शकतो ही शक्यता कुणी खोडून काढलेली नाही, आणि ब्रिटनने २०२३ मध्ये १८ वर्षांखालील रुग्णांसाठी दोन तज्ज्ञांच्या संमतीची अट घातली ती याच सावधगिरीपोटी. परीक्षेचे दडपण कोणते आणि औषधाचा परिणाम कोणता, हे आतून कळत नाही. म्हणून खोलीवरच्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की झोप उडाली, उगाच रडू येऊ लागले, जेवणावरची वासना गेली असे तिला दिसले तर तिने आईला फोन करावा. तसे झाले तर कॅप्सूल थांबवून डॉक्टरांकडे जायचे, कोर्स अपुरा राहिला तरी.

बाकीचे त्रास मी भराभर सांगतो. ओठ फाटणार, जवळजवळ सगळ्यांचे फाटतात. नाकातून क्वचित रक्त येईल, डोळे कोरडे पडतील, लेन्स सोडून चष्मा लावावा लागेल. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम उलट वाढू शकतात, त्यामुळे परीक्षा संपल्यावर सुरू करायचे का, ते तू पाहा. अंधारात कमी दिसू लागले तर रात्री स्कूटी चालवायची नाही. ऊन लवकर बाधते. दादाच्या लग्नाआधी पार्लरमध्ये वॅक्सिंग करू नकोस, कातडी सोलवटून निघते. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात कोर्सभर आणि नंतरचा महिनाभर रक्त द्यायचे नाही, कारण ते कुणा गरोदर बाईला चढू शकते. ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलीस तर हे औषध चालू असल्याचे सांग. डॉक्सिसायक्लीन याच्याबरोबर घेतली तर डोक्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. 'अ' जीवनसत्त्व असलेल्या गोळ्या बंद. गाजर मात्र खुशाल खा.

कॅप्सूल जेवणानंतरच घ्यायची, आणि त्या जेवणात स्निग्ध काहीतरी हवे. उपाशीपोटी घेतली तर निम्म्याहून अधिक औषध अंगी लागतच नाही. मेसची भाजी-पोळी कशी असते ते मला माहीत आहे. गुरुवारी शेजारचे काका पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर तुपाची बरणी पाठवतो.

एक गोष्ट मला चिठ्ठीत दिसली नाही. तुझी पाळी दीड-दोन महिने पुढे जाते, असे आई म्हणाली. तसे असेल तर मुरुमांचे मूळ हार्मोन्समध्ये असू शकते, आणि त्यासाठी सोनोग्राफी व रक्ताच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात; कारण मूळ तिथे असेल तर उपाय बदलतो, निदान त्यात भर पडते. तू डॉक्टरांना हे सांगितले नसशील, तर उद्याच सांग. त्यांचे उत्तर येईपर्यंत स्ट्रिप फोडू नकोस. त्यानंतर त्यांनी हेच औषध योग्य म्हटले आणि तुझीही तयारी असली, तर माझे उत्तर 'घे' असे आहे.

लिव्हरची आणि लिपिड प्रोफाइलची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी सुरू करण्याआधी आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे त्यातलीच एक चरबी, वाढलेले असते, आत्याचेही, आणि हे औषध ते आणखी वाढवते, म्हणून आपल्या घरात ही तपासणी चुकवून चालणार नाही. आदल्या रात्री जेवण आठपर्यंत आटोप आणि सकाळी चहासुद्धा घेऊ नकोस. रिपोर्ट हातात आला की फोटो पाठव. या वेळी रविवारपर्यंत थांबवणार नाही.

तुझा,
बाबा